रंभाबाईचा धूर

भैयाजी निखाऱ्यांना धुराचं वेड नोकरीमुळे लागलं, असं शहरातल्या इतवारी पेठेतली भली माणसं सांगत. बाकीची म्हणत, वेड आधीचंच होतं, सरकारनं त्याला फक्त पगार सुरू केला.

घराणं विणकरांचं. वडील नऊवारी लुगडी विणायचे आणि पोरानंही विणावीत, ही त्यांची साधी अपेक्षा. पण भैयाजींना मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसवलं की धोटा हातात आणि नजर खिडकीबाहेर. लुगड्यात जिथं वीण ढिली पडलेली दिसे, तिथं गल्लीतून कोणीतरी गेलंय असं समजावं. वाण्याची सून गेली असेल तर दोन बोटं जास्तच ढिली. शेवटी वडील म्हणाले, "तुले मागावर नाही, गच्चीवर बसवाले पाहिजे होतं."

देवानं ते ऐकलं. सत्तरीचं दशक निम्मंशिम्मं सरलं असेल नसेल, शहराच्या पश्चिमेला काटोल रोडच्या अंगाला एका टेकडीवर जंगल खात्यानं लाकडी मचाण उभं केलं, वर पत्रा टाकला, हँडल फिरवायचा एक फोन ठेवला, गळ्यात अडकवायची एक दुर्बीण दिली, आणि या सगळ्याच्या मधोमध भैयाजींना नेऊन बसवलं. काम काय, तर बघत बसायचं! एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या स्वभावाला शोभेल असं काम मिळालं.

फागुनात मोहाची फुलं गळायला लागतात. ती वेचायला सोपं जावं म्हणून लोक झाडाखालचा पाचोळा पेटवतात, आणि पाचोळा काही कोणाचा नोकर नाही, तो झाडाखाली थांबत नाही. एक टेकडी पेटते, मग दुसरी. त्यात शेतातली धसकटं जळतात, तेंदूची झुडपं जळतात, आणि मृग लागेपर्यंत साऱ्या मुलखावर ताकासारखं धुरकं धरून बसतं. ते धुरकं किती, वारा कुठला आणि आग कुठं, हे भैयाजींनी फोनवरून शहरातल्या कंट्रोलला कळवायचं. तिथं गोपाळराव बसत, तेही इतवारीतलेच.

"हॅलो, भैयाजी. वारा?"

"पश्चिमेचा. अंगात आल्यावानी येते, मंग निजते."

"धुरकं?"

"गिरणीची चिमणी दिसते, पण धुऊन वाळत घातल्यावानी. फिक्की."

"आग?"

"कळमेश्वरकडे धूर आहे. पण आग नाही थे, तेरवी आहे. बुंदी पाडून राहिले."

"हे कसं गा समजते तुमाले?"

"आगीचा धूर पळते, गोपाळराव. आचाऱ्याचा धूर बसते."

आणि संध्याकाळी गोपाळराव खरंच कळमेश्वरच्या कोणालातरी विचारत, तर कोणाच्यातरी तेराव्याचं जेवण, म्हणजे तेरवीच निघे. भैयाजींचा धूर चुकत नाही, अशी कीर्ती पसरली. ती पसरवण्याचं बरंचसं काम भैयाजींनीच केलं होतं, पण कीर्ती म्हटल्यावर कोणीतरी करावंच लागतं. पानठेल्यावर उभे राहिले की कोणत्या गावात कोणाकडे पाहुणे आले, कोणाच्या शेतात मोहाची दारू उतरतेय, कोणत्या घरी सासू-सुनेच्या दोन चुली झाल्या, सगळं सांगत. म्हणत, "माणूस खोटं बोलते गा, धूर नाही बोलत."

याच वाक्यानं त्यांचा घात केला.

त्यांच्या बायकोचं, रंभाबाईचं, माहेर कळमेश्वरच्या रस्त्यावर. रंभाबाईचा भाऊ चंपतराव यानं माग विकून संत्र्याची बाग घेतली होती आणि गावाबाहेर बागेतच घर बांधलं होतं. एकटंच घर, पुढं अंगण, बाजूला कडब्याची गंजी. मचाणावरून दुर्बिणीत ते असं दिसे, की भैयाजींना वाटे हात लांब करून कडी वाजवावी.

भैयाजींच्या एका भाचीच्या साखरपुड्याची पंगत बसली होती. चंपतरावानं आपलं सहज विचारलं, "जवाईबापू, मचाणावरून आमची बाग दिसते म्हणे?"

गप्प माणसानं पंगतीत प्रश्न विचारू नये, तो त्याला महागात पडतो. भैयाजींनी लाडू खाली ठेवला.

"बाग? तुमच्या घरचं सारंच दिसते. साऱ्या मुलखाच्या चुली उजाडता पेटते, तुमची एक दहा वाजल्याबिगर पेटत नाही. यमुताई चूल पेटवत नसन, तिची समजूत काढत असन."

पंगत खदखदून हसली. ज्यांना ऐकू आलं नव्हतं त्यांना शेजाऱ्यानं सांगितलं, मग ते हसले. चंपतरावाची बायको यमुताई बायकांच्या पंगतीत होती. ती पानावरून उठली. चेहरा असा, की हसणारे आपापल्या वरणात बघायला लागले.

रंभाबाई मठ्ठा वाढत होती. तिनं भांडं खाली ठेवलं आणि पदर खोचला.

"वहिनी, थांबा. मी बी येते."

"तू कुठी चालली वं?" भैयाजी म्हणाले.

"माहेरी. जिथं दहा वाजता उठाले भेटते."

आणि गेली. भैयाजींना वाटलं, दोन दिवसांत येईल. निरोप मात्र चंपतरावाच्या तोंडून आला, तो असा: वहिनीच्या अंगणात यायचं, चार लोकांसमोर 'माझं चुकलं' म्हणायचं, मगच रंभाबाई इतवारीच्या घराची पायरी चढेल.

"हंगाम आहे," भैयाजी म्हणाले. "जंगल जळून राहिलं आन् मी माफी मागत फिरू?"

पण खरी अडचण हंगामाची नव्हती. एकदा का आपण म्हटलं की एक धूर आपण चुकीचा ओळखला, की मग बाकीच्या धुरांचं काय? तेरवीचं काय, दारूचं काय? पानठेल्यावर आपण तोंड उघडलं की लोक म्हणणार, यमुताईच्या चुलीवानी तर नाही न गा हे? बायको परत यावी ही इच्छा मोठी, आणि कीर्ती राहावी ही त्याच्याहून बोटभर मोठी. हे बोटभर त्यांना आडवं आलं.

इकडे घरी हाल. दिवसभर दुनियेचा धूर ओळखणाऱ्या माणसाची खिचडी रोज खाली लागायची. शेजारची पुष्पलता भिंतीपलीकडून ओरडायची, "भैयाजी, आग कुठी लागली?" आणि गल्लीभर हशा. भैयाजी कढईला चमच्यानं खरवडत बसायचे.

एक विरंगुळा होता. रंभाबाई माहेरी गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, उजाडता, बागेतल्या घरातून धूर निघाला. दहाचा नव्हे, उजाडतीचा! आणि तो धूर भैयाजींनी लगेच ओळखला. आधी एक काळा भपका, मग जरा घुटमळणं, आणि मग ताणून धरलेल्या सुतासारखी सरळ निळी रेघ. अशी चूल साऱ्या मुलखात एकच बाई पेटवायची. त्यांनी घाईनं हँडल फिरवलं.

"गोपाळराव, पाहा! वहिनी झोपली आन् आमची राबून राहिली. म्हटलं होतं का नाही मी?"

"हे आगीत टाकू का धुरक्यात?"

"कशातच नका टाकू. तुमाले सांगतलं फक्त."

तेव्हापासून रोज सकाळी त्यांचा पहिला फोन असाच. वारा नंतर, धुरकं नंतर. "आज रेघ सरळ आहे, राग उतरून राहिला." "आज धूर लय झाला, ओल्या काटक्या दिसते. भाऊ वाळलेलं सरपण बी नाही देत बिचारीले." गोपाळरावांचं अख्ख्या नोकरीत एवढं मनोरंजन झालं नव्हतं. ते म्हणायचे, "इतकं दिसते तर जाऊन घेऊन या न गा." यावर टेकडीवरून खरखर ऐकू यायची. लाईन खराब आहे की भैयाजी घसा साफ करतायत, ते कळत नसे.

आणि मग एका सकाळी रेघ दिसली नाही.

भैयाजींनी दुर्बिणीच्या काचा धोतराच्या सोग्यानं पुसल्या. पुन्हा पाहिलं. गंजी होती, अंगण होतं, घर होतं. धूर नव्हता. दहाच्या सुमाराला निघाला तो जाडजूड आळशी धूर, यमुताईचा. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी तर भैयाजींच्या खिचडीला तिखट-मीठ दोन्ही पडायचं राहिलं. रंभाबाई अंथरुणावर आहे, ताप आहे, उठवत नाही, आणि ती घमेंडी माणसं आपल्याला कळवत नाहीत, असं सगळं त्यांना मचाणावरून दिसायला लागलं. दुर्बिणीत नव्हतं, पण दिसत होतं.

संत्रा मार्केटात चंपतराव गाडी घेऊन आला असेल म्हणून ते मुद्दाम तिथून गेले, आणि योगायोगानं भेटल्यासारखं केलं.

"काय म्हणते बाग?"

"बाग बरी आहे."

"घरी सगळे?"

"बरे आहेत."

"रंभा बरी आहे न? सकाळचा धूर दिसून नाही राहिला तिचा."

चंपतरावानं हातातलं संत्रं टोपलीत ठेवलं. मग "बरी आहे" एवढंच म्हणाला आणि बैल सोडायला गेला. कमी बोलणाऱ्या माणसाचा हाच तोटा, की त्याच्या 'बरी आहे'मधून काहीच कळत नाही. फायदा मात्र त्याच्या घरच्यांचा. तो दुसऱ्याचं बोलणं अक्षर न गाळता घरी पोचवतो.

शनिवार आला. दुपारी धुरकं इतकं दाटलं होतं की गिरणीच्या चिमणीचा पत्ता नव्हता. भैयाजींनी सवयीनं दुर्बीण कळमेश्वरकडे वळवली आणि ते ताडकन उभे राहिले. बागेतल्या घराच्या बाजूनं, अगदी कडब्याच्या गंजीपाशी, धुराचा लोट उठला होता. जाडच्या जाड, घरावरून वळून छप्परच गिळत होता.

"गोपाळराव! आग! घर!"

"कोणाचं?"

"माझं!"

"इतवारीत?"

"बायकोचं गा! चंपतरावाचं! जीप पाठवा!"

"पाठवतो, पण वारा कोणता ते तर..."

"वाऱ्याले घाला चुलीत!" म्हणून भैयाजींनी फोन आपटला, आणि सरकारी मचाण आणि भाजलेले शेंगदाणे देवाच्या हवाली करून सायकल काढली. दुर्बीण गळ्यातच राहिली. उतारावर ती छातीवर अशी बडवत होती की जणू तीच म्हणत होती, चल, चल.

पायथ्याशी चेन पडली. चेन चढवत बसले असते तर घर, बायको आणि गंजी तिन्ही गेलं असतं, म्हणून ते सायकल टाकून पळायला लागले, आणि मागून जंगल खात्याची जीप आली. त्यात झोडपायला हिरव्या फांद्या आणि पाण्याच्या बादल्या घेतलेले मजूर, आणि पुढं रेंजर मनोहरराव. हे साहेब पुण्याकडून बदलून आलेले, तरुण, बोलणं छापील.

"बसा भैयाजी. धुराचा रंग कसा होता?"

"दिसला साहेब, लय मोठा दिसला."

"रंग विचारतोय. गेल्याच आठवड्यात तुम्ही मला गवताचा पिवळट, पाल्याचा पांढरा, गोवरीचा निळसर असं सगळं शिकवलंत. हा कशाचा?"

भैयाजींनी आठवायचा प्रयत्न केला. काही आठवेना.

"साहेब," ते म्हणाले, "जिथं आपली बायको असते न, त्या घराच्या धुराले रंग नसते."

मनोहररावांचं लग्न ठरत होतं. ते ड्रायव्हरला म्हणाले, जरा जोरात घ्या.

जीप अंगणात शिरली. मजुरांनी उड्या टाकल्या. भैयाजी उतरताना पडले, उठले, आणि उठता उठता त्यांना दिसलं ते असं: संत्र्याच्या सावलीत निम्मं गाव पंगतीच्या तयारीनं बसलेलं. एका कढईत वांग्याची भाजी, एका पातेल्यात वरण. आणि गंजीच्या अलीकडे मोकळ्या जागेत गोवऱ्यांचा हा एवढा ढीग पेटवलेला. एका बाजूला परातीत कणकेचे गोळे निखाऱ्यांची वाट पाहत होते, आणि ढिगाच्या पलीकडच्या अंगाला, जिथं निखाऱ्यांचा आर आधीच पडला होता, तिथं पहिली खेप भाजत पुरलेली. रोडगे! शनिवार, मारुतीचे रोडगे! आणि ढिगाशी हातात लांब काठी घेऊन रंभाबाई उभी, ठणठणीत, वरून निंबाचा ओला पाला टाकत होती, धूर कमी पडू नये म्हणून. यमुताई डोळे पुसत खोकत होती. "पुरे वं माय, आंधळी करतं का मले?"

एक मजूर मात्र शिकवल्याप्रमाणे बादली घेऊन थेट ढिगाकडे धावला.

"खबरदार!" रंभाबाईनं काठी आडवी धरली. "रोडग्यावर थेंब पडला तर बादली डोक्यात घालीन."

मजूर थांबला, साहेबांकडे बघायला लागला. साहेब भैयाजींकडे. सारी पंगत भैयाजींकडे.

"भैयाजी," मनोहरराव म्हणाले, "वर्दी तुमची आहे. आग असेल तर मला विझवावी लागेल. आग नसेल, तर वर्दी खोटी, आणि मचाण सोडून आलात ते वेगळंच. तेव्हा तुम्हीच सांगा. आग आहे की नाही?"

आता काय सोपं होतं! 'आग आहे' एवढं म्हटलं असतं की झालं. गंजी जवळ, वारा पश्चिमेचा, उन्हाळा. कोणत्याही साहेबाला पटलं असतं. बादल्या रिकाम्या झाल्या असत्या, रोडग्यांचा चिखल झाला असता, आणि भैयाजींचा धूर चुकत नाही ही कीर्ती कोरडी राहिली असती. त्यांनी बादलीकडे पाहिलं. मग रंभाबाईकडे. तिच्या नाकावर राख लागली होती.  ती काठी धरून उभी होती आणि यावेळी उत्तराची वाट पाहत होती, हे मजुरालाही कळलं असावं, कारण त्यानं बादली खाली ठेवली.

"साहेब," भैयाजी म्हणाले, "आग नाही. धूर ओळखाले चुकलो मी."

"कोणता धूर?" रंभाबाई म्हणाली.

"हाच."

"आन् तो? दहाचा?"

पंगत कान टवकारून पुढं सरकली. भैयाजींनी दुर्बीण गळ्यातून काढली, धोतराला पुसली, पुन्हा घातली. करण्यासारखं दुसरं काही उरलं नाही.

"तो बी," ते म्हणाले. "यमुताई, चुकलं माझं."

"काय चुकलं थे तर माहीत आहे का जवाईबापूले?" असं म्हणून यमुताई घरात गेली आणि बाहेर आली ती पितळेचा चकचकीत स्टोव्ह घेऊन. त्यांच्या पुढ्यात ठेवला, पंप मारला, काडी लावली. स्टोव्ह भर्रकन गर्जला. "चाय यावर, भाकर यावर, पोरायचा डबा यावर. कोंबडं आरवाच्या आंदी माही निम्मी कामं होते. दहाले चूल पेटते थे ढोरायचं आंबोण शिजवाले! पाहा आता दुर्बिणीतून. दिसते का धूर?"

भैयाजींनी खाली वाकून नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. धूर नव्हता. माणूस खोटं बोलतो, धूर बोलत नाही, आणि स्टोव्ह तर काहीच बोलत नाही, हे त्यांच्या हिशेबातच आलं नव्हतं.

"मंग उजाडता धूर निघे थो?"

"थो माहा," रंभाबाई म्हणाली. "मले स्टोव्हचं भेव वाटे, फुटन म्हणून. मंग वहिनीनं शिकवलं, आन् चूल सुटली."

"आन् मी इकडं तुले ताप आणला!"

"दादानं सांगतलं न. धूर दिसून नाही राहिला म्हणून मार्केटात कोणाचंतरी तोंड उतरलं होतं म्हणे. मी म्हटलं, माणूस माफी मागाले येत नाही, पण धुराले येते. तर चांगला मोठा पाठवू." मग जीपकडे बघून जरा ओशाळली. "एवढी फौज येईन असं नव्हतं वाटलं बाप्पा."

चंपतराव तेवढ्यात त्या दुपारी पहिल्यांदाच बोलला. "बसा सायेब. रोडगे झाले."

मनोहररावांनी रोडगे पाहिले नव्हते. राख झटकायची, फोडायचा, आणि तुपात बुडवायचा, हे त्यांना मजुरांनी शिकवलं. दुसऱ्या रोडग्यानंतर साहेबांचा चेहरा निवळला, तिसऱ्यानंतर ते म्हणाले, "भैयाजी, कंट्रोलला कळवायला हवं. काय सांगू या?"

"सांगा, आग आटोक्यात आहे," भैयाजी म्हणाले आणि बायकोकडे पाहिलं.

"कोणी सांगतलं?" रंभाबाई म्हणाली, आणि त्यांच्या पानावर आणखी एक रोडगा टाकला.

संध्याकाळी ती त्यांच्याबरोबर इतवारीत आली. पायरीवर पुष्पलता उभीच होती, पण तिला काही विचारायची गरज पडली नाही. बातमी जीपच्या आधी पोचली होती. पानठेल्यावर पुढचे कित्येक दिवस कोणी बिडी पेटवली की भैयाजींना विचारायचे, "पाहा बरं गा, ही तेरवी का रोडगे?" भैयाजी आधी रागवायचे, मग हसायचे, मग स्वतःच सांगायचे, वाढवून. रोडग्यांचा ढीग त्यांच्या तोंडी वाढत वाढत पावसाळ्यापर्यंत घराएवढा झाला. मचाण सोडल्याबद्दल साहेब त्यांना काय बोलले ते कोणाला कळलं नाही. पण साहेबांच्या लग्नात आचाऱ्याच्या चुलाणापाशी भैयाजींना बसवलं होतं, म्हणजे फार काही बोलले नसावेत.

सवय मात्र गेली नाही. फरक एवढाच, की आता पहिला फोन शहराकडे बघून व्हायचा.

"गोपाळराव, इतवारीकडून एक सरळ निळी रेघ निघून राहिली. रंभानं भाजी टाकली."

"भैयाजी, इतवारीत हजार चुली आहेत गा. एवढ्या धुरक्यात?"

"हजारात ओळखीन. एकच बाई पेटवते तशी."

आणि दुपारी घरून आलेला डबा उघडला की म्हणायचे, पाहिलं? वांगं. मी म्हटलंच होतं.

हे ऐकलं की रंभाबाई तोंडाला पदर लावायची. पुष्पलतेला तिनं एकदा तांदळाच्या डब्याच्या मागे झाकून ठेवलेला पितळी स्टोव्ह दाखवला होता. यमुताईनं निघताना पिशवीत घालून दिलेला.

"हे गेले का सारं यावरच करते मी, धूर नाही का काही नाही," ती म्हणाली. "संध्याकाळी हे घरी आले का तेवढी चूल पेटवते, यायच्या देखत. पण तू सांगू नको वं बाई. थे बिचारे वरतून रोज मले पाहून राहिले, तर पाहू दे."